सशाची लेंडी काय सांगते

घरात ससा असेल तर रोज सकाळी पिंजऱ्याचा तळ नीट बघावा. वाटाण्याएवढ्या, गोल, कोरड्या, एकसारख्या लेंड्या भरपूर पडलेल्या असतील तर पोट ठीक चाललंय. अशी लेंडी बोटांनी चुरली तर आत नुसता गवताचा भुसा दिसतो, वास जवळजवळ नसतोच. निरोगी ससा दिवसाला शंभर-दोनशे लेंड्या सहज टाकतो. त्या बारीक, वेड्यावाकड्या व्हायला लागल्या, केसांनी एकमेकींत गुंतून पडू लागल्या, तर आतड्यांचा वेग मंदावतोय असं समजावं. आणि दहा-बारा तासांत एकही पडली नाही, खाण्यालाही त्यानं तोंड लावलं नाही, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. एखाद्या दिवसाचं लंघन निरोगी मोठ्या कुत्र्याला सोसतं, सशाच्या मात्र ते जिवावर बेततं.

आपल्या माळरानावर दिसणारा ससा वेगळा. पाळीव ससा युरोपीय जातीचा, मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा. तिथलं कोरडं, चरबट, कस नसलेलं गवत खाऊन जगता यावं अशी त्याच्या पोटाची घडण झाली आहे. जठर आणि लहान आतड्यातून पुढे आलेल्या चोथ्याची मोठ्या आतड्याच्या सुरुवातीलाच वर्गवारी होते. साधारण अर्ध्या मिलिमीटरहून मोठे धागे पुढे ढकलले जातात आणि त्यांच्या लेंड्या होतात. बारीक कण आणि पाणी उलट दिशेनं मागे, अंधनालात जातात. अंधनाल म्हणजे आतड्याला जोडलेली, एका टोकाला बंद असलेली पिशवी. सशात ती जठरापेक्षाही कितीतरी मोठी असते. तिथले जिवाणू या बारीक कणांना आंबवतात, त्यातून प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वं तयार होतात. काही तासांनी हा माल द्राक्षाच्या घडासारख्या मऊ, चकचकीत, उग्र वासाच्या गोळ्यांच्या रूपात बाहेर येतो आणि ससा मान वाकवून तो थेट गुदद्वारापाशीच तोंडात घेतो. गाय रवंथ करून जे साधते, ते ससा असं साधतो. मोरो या फ्रेंच पशुवैद्यानं १८८२ मध्ये याचं वर्णन केलं होतं. किळस वाटून त्याला अडवू नये, हे खाणं त्याच्या आहाराचाच भाग आहे.

या सगळ्या यंत्रणेला गती देतो तो न पचणारा लांब धागा. त्यातून सशाला पोषण फारसं मिळत नाही, पण त्याच्या रेट्यावरच आतडी आकुंचन पावत राहतात. धागा कमी पडला की हालचाल मंदावते. त्यातच पिष्ट आणि साखर जास्त झाली की अंधनालातल्या जिवाणूंचा समतोल बिघडतो आणि वायू धरतो. पोट दुखतं म्हणून ससा खात नाही, खात नाही म्हणून आतडी आणखी थंडावतात, आतला चोथा सुकून घट्ट होतो. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे तोही मार्ग बंद. उपासमार लांबली तर यकृतात चरबी साचू लागते.

पोटात केसांचा गोळा अडकला म्हणून ससा खात नाही, असं बरेच जण सांगतात आणि अननसाचा रस पाजतात. अंग चाटणाऱ्या प्रत्येक सशाच्या पोटात केस जातातच, आणि आतडी चालू असतील तर ते लेंडीवाटे निघून जातात. पोट थंडावलं आणि पाणी कमी पडलं की ते चोथ्यात मिसळून घट्ट बसतात. म्हणजे बहुतेक वेळा गोळा हा आजाराचा परिणाम असतो. अननसाच्या रसानं केस विरघळत नाहीत, पोटात साखर मात्र जाते.

आपण सशाला देतो काय? बिस्किटं, पोळी, भिजवलेले हरभरे, केळं आणि गाजर. चित्रांच्या पुस्तकांमुळे ससा आणि गाजर ही जोडी डोक्यात पक्की बसली आहे, पण गाजरात साखर बरीच असते. एखादी चकती पुरे. त्याचा पाला मिळाला तर तो जास्त चांगला. आहाराचा मोठा भाग, पाचातले चार हिस्से तरी, वाळलेल्या गवताचा हवा आणि ते दिवसरात्र समोर हवं. परदेशी टिमोथी गवत महाग पडतं. मारवेल किंवा हरळी स्वच्छ जागेतली, सावलीत वाळवलेली आणि बुरशी न धरलेली असेल तर उत्तम चालते. ज्वारीचे कोवळे पोंगे मात्र देऊ नयेत, त्यांत सायनाइड तयार होतं. लसूणघास वाढीच्या वयातल्या पिल्लांना ठीक. मोठ्या सशाला त्यातलं कॅल्शियम जास्त होतं आणि ते लघवीवाटे पांढऱ्या गाळासारखं पडतं. जोडीला कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला, धुऊन. फुलकोबीचा पाला थोडाच द्यावा, काहींना त्यानं वायू धरतो. आहारातला कुठलाही बदल आठ-पंधरा दिवसांत हळूहळू करावा. चघळण्यामुळे दातही झिजतात. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, पुढचे आठवड्याला सुमारे दोन मिलिमीटर.

मागच्या पायांना मऊ, चिकट मळ लागलेला दिसला की जुलाब झाले असं वाटतं. पुष्कळदा ते न खाल्लेले मऊ गोळे असतात. खुराक जड झालेला असतो, किंवा ससा इतका लठ्ठ झालेला असतो की त्याचं तोंड तिथवर पोहोचत नाही. खरे पातळ जुलाब मोठ्या सशाला क्वचित होतात, आणि झाले तर गंभीर असतात.

पिल्लांची गोष्ट मला फार लागते. बाजारात तीन-चार आठवड्यांची पिल्लं मुलांच्या हातात दिली जातात. सशाची आई दिवसातून एकदाच, तेही काही मिनिटं पाजते. त्या दुधापासून पिल्लाच्या पोटात तयार होणारी मेदाम्लं घातक जिवाणूंना थारा देत नाहीत. मोठ्या सशाच्या जठरातलं तीव्र आम्ल तोवर तयार झालेलं नसतं. नेमक्या अशा वेळी दूध तुटलं की जुलाबानं पिल्लं पटापट दगावतात. आठ आठवड्यांआधी पिल्लू विकूही नये, घेऊही नये.

ससा कुबड काढून कोपऱ्यात बसला, दात करकर वाजवू लागला, कान गार पडले, की वेळ दवडू नये. त्याचं नेहमीचं तापमान साडेअडतीस ते चाळीस अंश सेल्सिअस असतं. त्याखाली गेलं असेल तर फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली शेजारी ठेवून न्यावं. पोट फुगून ताठ झालं असेल तर सिरिंजनं बळेच भरवू नये. आतडं खरोखर अडलंय की नुसतं थंडावलंय हे एक्स-रेवरून बरंचसं कळतं, आणि दोन्हींचे उपचार वेगळे. थंडावलेल्या पोटाला वेदनाशामक, सलाइन, ऊब आणि मग चाऱ्याची पातळ पेज, यांनी बऱ्याचदा पुन्हा चालना मिळते.

घरात लहान मुलांचं अँटिबायोटिक सिरप असतं, ते थेंबभरही देऊ नये. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन ही औषधं तोंडावाटे दिली तर अंधनालातले उपयोगी जिवाणू मरतात, क्लोस्ट्रिडियमसारखे विषारी जिवाणू माजतात आणि ससा दगावू शकतो. ज्यांच्याकडे फक्त कुत्री-मांजरं येतात अशा दवाखान्यात गेलात तर औषधाचं नाव विचारून घ्या. एनरोफ्लॉक्सॅसिनसारखी औषधं सशांना सहसा सोसतात, त्यामुळे पर्याय आहे का, हे डॉक्टरांना निःसंकोच विचारावं.