आहारांतील स्निग्ध पदार्थ आणि रक्ताचा दाब

घरांत दूधदुभतें असणें हें सुबत्तेचें लक्षण मानण्याची शेतकऱ्यांची रीत बहुतेक देशांत सारखीच आहे. ज्याच्या गोठ्यांत चार दुभतीं जनावरें, त्याच्या ताटांत लोणीतूप असावयाचेंच. परंतु याच सुबत्तेच्या आश्रयानें एक रोग कसा वाढीस लागला, आणि त्यास हटवितांना चूल, गोठा व शेत या तिहींतही कसा पालट करावा लागला, याचें एक बोधप्रद उदाहरण फिनलंड देशाच्या उत्तर कारेलिया या प्रांतांत घडून आलें. आहारांतील स्निग्ध पदार्थांचा रक्ताच्या दाबाशीं संबंध काय, याविषयीं जे समज पसरले आहेत त्यांत तथ्य किती व अतिशयोक्ति किती, हें त्या उदाहरणावरून चांगलें उमगतें.

प्रथम रक्ताचा दाब म्हणजे काय तें पाहूं. विहिरीवरील पंपानें नळांत पाणी लोटलें म्हणजे नळाच्या अंगावर जसा भार पडतो, तसाच हृदयानें लोटलेल्या रक्ताचा भार धमन्यांच्या भिंतींवर पडतो. हा भार मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असतो. हृदय दर मिनिटास किती रक्त पुढें ढकलतें ही एक, व बारीक धमन्या त्यास किती अडथळा करितात ही दुसरी. 1896 सालीं इटलींतील रिवा-रोच्ची यांनीं दंडास पट्टा बांधून हा दाब मोजण्याचें साधन तयार केलें, आणि 1905 सालीं रशियांतील कोरोत्कोव्ह यांनीं नळीनें नाडीचा आवाज ऐकून वरचा व खालचा असे दोन्ही आंकडे काढण्याची युक्ति दाखविली. हे आंकडे पाऱ्याच्या मिलिमीटरांत सांगतात. ते वारंवार 140 व 90 किंवा त्यांहून अधिक येऊं लागले, म्हणजे दाब वाढला असें सामान्यतः समजतात. या विकारांत बहुधा कांहीं दुखत नाहीं कीं खुपत नाहीं. म्हणूनच तो अधिक घातक होय.

आतां स्निग्ध पदार्थांकडे वळूं. सर्व स्निग्ध पदार्थ एकाच जातीचे नव्हेत. त्यांतील मेदाम्लांचे संपृक्त व असंपृक्त असे दोन मुख्य भेद आहेत. लोण्यातुपाच्या स्निग्धांशांत संपृक्त मेदाम्लांचा भाग सुमारें दोनतृतीयांश असतो, व खोबरेलांत तो सुमारें नऊदशांश असतो. उलट करडईच्या नेहमींच्या जातींच्या तेलांत लिनोलिक नांवाचें असंपृक्त अम्ल सुमारें तीनचतुर्थांश असतें. भुईमुगाच्या व तिळाच्या तेलांतही असंपृक्त अम्लांचाच भरणा अधिक. संपृक्त मेदाम्लें फार झालीं म्हणजे रक्तांतील कोलेस्टेरॉल वाढतें, तें धमन्यांच्या अस्तरांत सांचतें, आणि कालांतरानें धमन्या अरुंद व ताठ होतात. निरोगी धमनीचें अस्तर नायट्रिक ऑक्साइड नांवाचा वायु अल्प प्रमाणांत निर्माण करून तिला सैल ठेवतें. अस्तर बिघडलें कीं हें कार्यही मंदावतें. ताठ नळांत पंपाचा प्रत्येक धक्का अधिक जोरानें बसावा यांत नवल नाहीं. शिवाय एक ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून 9 कॅलरी उष्णता मिळते, पिष्ट पदार्थापासून केवळ 4. त्यामुळें श्रम कमी झाले व तेलतूप तेवढेंच राहिलें तर वजन वाढतें, आणि वजनाबरोबर दाबही चढतो.

उत्तर कारेलिया हा प्रांत फिनलंडच्या पूर्वेस, रशियाच्या सीमेलगत आहे. अरण्यें व सरोवरें पुष्कळ, उन्हाळा आंखूड. त्यामुळें तेथील लहान शेतकऱ्यास गवत व गाय यांचाच मोठा आधार. भाकरीवर खारट लोण्याचा जाड थर, साईसकट दूध व चरबीयुक्त मांस हा तेथील आहार होता. भाजीपाल्यास ताटांत फारसें स्थान नव्हतें. लांकूडतोडीचें व शेतीचें कष्टाचें काम करणारे हे पुरुष ऐन उमेदींत हृदयविकारानें दगावूं लागले, व त्या मृत्युसंख्येंत हा प्रदेश जगांत अग्रभागीं गणला जाऊं लागला. 1971 सालीं प्रांतांतील प्रतिनिधींनीं सरकारकडे मदतीचा अर्ज केला, व 1972 पासून डॉक्टर पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखालीं तेथें एक व्यापक योजना सुरू झाली. त्या वर्षींच्या तपासणींत प्रौढ पुरुषांचा वरचा दाब सरासरीनें सुमारें 149 व स्त्रियांचा सुमारें 153 भरला.

याच योजनेच्या मंडळींनीं स्निग्ध पदार्थ व दाब यांविषयीं केलेला एक प्रयोग 1983 सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत 57 जोडप्यांचे तीन गट पाडले होते. पहिल्या गटानें एकंदर स्निग्ध पदार्थ कमी केले, व जे घेतले त्यांत लोण्याचा भाग उणा करून वनस्पतिज तेलाचा वाढविला. दुसऱ्यानें मीठ निम्म्याहून कमी केलें. तिसऱ्यानें नित्याचाच आहार ठेविला. कांहीं आठवड्यांत पहिल्या गटाचा वरचा दाब सुमारें 9 व खालचा सुमारें 8 मिलिमीटर उतरला, आणि जुना आहार परत सुरू करतांच तो पुन्हां चढला. मीठ कमी करणाऱ्या गटांत मात्र फारसा फरक दिसला नाहीं.

एवढ्यावरून मिठाचा दोष नाहीं व सारा दोष लोण्याचा, असा निकाल देणें उतावळेपणाचें होईल. पुढील अनेक प्रयोगांत मीठ कमी केल्यानें दाब उतरतो हें निःसंशय ठरलें. नुसता स्निग्ध पदार्थ बदलून इतका मोठा उतार मात्र सर्वत्र आढळला नाहीं. 1997 सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या डॅश नांवाच्या प्रयोगांत मीठ व वजन कायम ठेवून फळें, भाज्या व साय काढलेलें दूध यांचें प्रमाण वाढविलें आणि संपृक्त चरबी घटविली. तेव्हां वरचा दाब, नेहमींच्या आहारावरील लोकांच्या मानानें, सरासरीनें साडेपांच मिलिमीटर, व आधींच दाब वाढलेल्यांत सुमारें 11 मिलिमीटर उतरला. परंतु चरबी न घटवितां केवळ फळेंभाज्या वाढविणाऱ्यांसही याच्या निम्म्याइतका लाभ झाला. तात्पर्य, स्निग्ध पदार्थांचा दाबावर थेट परिणाम होतो, पण तो बेताचा. धमन्या व वजन यांच्या वाटेनें दीर्घकाळांत होणारा परिणाम त्याहून मोठा. खारट लोण्यासारख्या पदार्थांतून तर चरबी व मीठ हे दोघे सोबतीनेंच येतात.

शेतकऱ्याच्या दृष्टीनें या हकीकतीचा खरा मर्मभाग पुढेंच आहे. लोणी कमी खा असें सांगणें वैद्यास सोपें. पण ज्याचा संसार लोण्यावर चालतो त्यानें काय करावें? उत्तर कारेलियांतील गोपालकांनीं हा प्रश्न विचारला, व तो रास्तच होता. त्याचें उत्तर उपदेशानें नव्हे, तर पिकानें द्यावें लागलें. 1980 नंतरच्या दशकांत तेथें बेरी जातीच्या फळांची लागवड वाढविण्याचा उपक्रम निघाला. थंड हवेंत येणाऱ्या मोहरीवर्गीय गळिताच्या पिकापासून देशी तेल मिळूं लागलें. आणि दुधाची किंमत केवळ स्निग्धांशावर न ठरवितां त्यांतील प्रथिनांस अधिक मोल देण्याकडे कल झाला. ग्रामीण स्त्रियांच्या मार्था संघटनेनें घरोघरच्या स्वयंपाकांत पालट घडविला. 2007 पर्यंत पुरुषांचा वरचा सरासरी दाब सुमारें 138 व स्त्रियांचा सुमारें 134 वर आला, आणि चाळीस वर्षांत कामकरी वयाच्या पुरुषांतील हृदयविकाराचे मृत्यु सुमारें चारपंचमांशांनीं घटले. धूम्रपान कमी होणें व औषधोपचार सुधारणें यांचाही त्यांत वांटा आहे, हें विसरतां कामा नये.

आपल्याकडील स्थिति निराळी असली, तरी कांहीं गोष्टी घेण्याजोग्या आहेत. करडई, भुईमूग, तीळ व जवस हीं पिकें आपल्याच शेतांत होतात. त्यांचें तेल माफक प्रमाणांत वापरावें, व तूप चवीपुरतें ठेवावें. कृत्रिम रीतीनें घट्ट केलेल्या तेलांतील ट्रान्स मेदाम्लें लोण्याहूनही वाईट. जानेवारी 2022 पासून भारतांत त्यांस शेंकडा 2 ची मर्यादा घातली आहे, तथापि एकदां तळलेलें तेल पुनःपुन्हां तापविण्याची खोड घरींच सोडली पाहिजे. मीठ दिवसास 5 ग्रॅमांहून कमी असावें असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचें, पापड व खारे पदार्थ यांचा हिशेब त्यांतच धरावा. ताक प्यावें, पण मीठ बेतानें घालून. ज्यांस दाबाचें औषध चालू आहे त्यांनीं आहार सुधारला म्हणून तें आपल्या मनानें बंद करूं नये. आणि तिशी उलटलेल्या प्रत्येकानें जवळच्या दवाखान्यांत वर्षांतून एकदां तरी दाब मोजवून घ्यावा.

आपण पिकवितों तें आधीं आपल्याच घरांत शिजतें. म्हणून पुढील हंगामांत थोडें क्षेत्र करडईस किंवा तिळास व बांधावरची जागा भाजीपाल्यास द्यावी कीं काय, हा विचार करतांना बाजारभावाबरोबरच घरांतल्या माणसांच्या प्रकृतीचाही हिशेब शेतकऱ्यानें मांडावा.