नमुन्याची तयारी : रासायनिक पृथक्करणाचा पाया

द्राक्षाच्या घडावर फवारलेल्या औषधाचा किती अंश फळात उरला आहे, हे डोळ्यांना दिसत नाही आणि जिभेला कळत नाही. त्याचा निर्णय प्रयोगशाळेतच होतो. युरोपीय संघात ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला एक किलो फळात ०.०१ मिलिग्रॅम ही सर्वसाधारण मर्यादा लागू होते. म्हणजे दहा कोटी भागांत केवळ एक भाग! इतका सूक्ष्म अंश मोजणारी यंत्रे आज उपलब्ध आहेत. परंतु या यंत्रांत द्राक्षे घालता येत नाहीत. त्यांना लागतो द्राक्षांपासून काढलेला स्वच्छ अर्क. तो नीट निघाला नाही, तर पुढचे मोजमाप कितीही अचूक असले तरी निष्कर्ष चुकतो.

अर्क कसा काढतात?

चहाची पत्ती उकळत्या पाण्यात टाकली की तिचा रंग व स्वाद पाण्यात उतरतो आणि चोथा मागे राहतो. प्रयोगशाळेतील निष्कर्षण याच तत्त्वावर चालते. ज्या द्रवात हवा तो पदार्थ सहज विरघळतो असा द्रावक निवडून तो नमुन्यात मिसळतात.

हे काम यंत्राकडे सोपविण्याचा प्रयत्न जुना आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रान्झ फॉन सॉक्सलेट यांनी १८७९ मध्ये स्निग्धांश काढण्यासाठी काचेचे एक उपकरण वर्णिले. त्यात तळाशी द्रावक उकळतो, त्याची वाफ वर जाऊन थंड होते आणि थेंबाथेंबाने नमुन्यावर पडते. नमुन्याचे पात्र भरताच वक्रनलिकेतून सर्व द्रव आपोआप खाली उतरतो आणि पुन्हा उकळू लागतो. हात न लावता हे चक्र चालू राहते. मात्र त्यास कित्येक तास लागतात व द्रावकही पुष्कळ खर्च होतो. १९९० नंतरच्या दशकात बंद पात्रात उष्णता व दाब देऊन हेच काम काही मिनिटांत उरकणारी स्वयंचलित यंत्रे आली.

फळे व भाजीपाला यांसाठी २००३ मध्ये प्रसिद्ध झालेली 'केचर्स' पद्धत आज जगभर रूढ आहे. जलद, सोपी, स्वस्त, परिणामकारक, भरवशाची व सुरक्षित या अर्थांच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून तिला हे नाव मिळाले. मूळ पद्धतीत बारीक वाटलेल्या १० ग्रॅम नमुन्यात १० मिलिलिटर ॲसिटोनायट्राइल घालून हलवितात. नंतर ४ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट व १ ग्रॅम मीठ टाकले की पाणी व द्रावक यांचे थर वेगळे होतात. वरच्या थरातील थोडा अर्क शोषक भुकटीने शुद्ध करून यंत्राकडे पाठवितात.

यंत्राचा उपयोग

नमुने वाढले की हातांच्या कामात फरक पडू लागतो. एक नमुना अधिक हलविला जातो, दुसरा कमी. एका नळीत द्रावक नेमका पडतो, दुसरीत थोडा अधिक. स्वयंचलित यंत्रणा द्रावक मोजून घालते, नळ्या ठरलेल्या वेळेपर्यंत हलविते, अर्क शुद्ध करते आणि क्रमाने मोजणी यंत्रात सोडते. पहिला व पन्नासावा नमुना एकाच रीतीने हाताळला जातो. शिवाय कर्मचाऱ्यांचा घातक द्रावकांशी संपर्कही कमी येतो.

तथापि यंत्रावर डोळे झाकून विसंबता येत नाही. एका नमुन्याचा अंश पुढच्या नमुन्यात मिसळू शकतो; म्हणून मधूनमधून औषधविरहित नमुना चालवून पाहतात. तसेच निर्दोष नमुन्यात ठाऊक असलेल्या प्रमाणात औषध मिसळून ते कितपत परत मिळते हेही तपासतात. साधारणतः सरासरी ७० ते १२० टक्के औषध परत मिळाले, तर पद्धत ग्राह्य मानतात.

यंत्राला न कळणारी गोष्ट

जे अर्कात उतरलेच नाही, ते यंत्राला सापडत नाही. केवडा रोगासाठी वापरले जाणारे मॅन्कोझेब नेहमीच्या द्रावकांत विरघळत नाही. त्यासाठी नमुन्याचा वेगळा भाग घेऊन आम्लाच्या साह्याने त्याचे विघटन करतात व निघणारा कार्बन डायसल्फाइड मोजतात.

वेलीची वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अनुभव तर बागाइतदारांना महाग पडला. २०१० च्या हंगामात युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत त्याचे अवशेष आढळले, माल अडकून पडला आणि मोठे नुकसान झाले. निर्यातीपूर्वी तपासावयाच्या रसायनांच्या यादीत ते तेव्हा नव्हते. शिवाय ते पाण्यात अत्यंत विद्राव्य असल्याने केचर्ससारख्या पद्धतीच्या अर्कात नीट उतरत नाही. त्यासाठी आम्लयुक्त मिथेनॉल वापरून निराळे निष्कर्षण करावे लागते. पुढे ते यादीत समाविष्ट करण्यात आले.

बागेपासून प्रयोगशाळेपर्यंत

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. कोणते औषध शोधावयाचे हे माहीत असेल, तरच योग्य द्रावक व योग्य पद्धत निवडता येते. यास्तव शेतकऱ्याची फवारणीची नोंदवही ही तपासणीचीच पहिली पायरी होय. तीत औषधाचे नाव, प्रमाण व तारीख खरेपणाने लिहिलेली असावी. लपविलेली एक फवारणी साऱ्या बागेचा माल परत पाठवू शकते.

नमुना घेतानाही तोच काटेकोरपणा हवा. बांधालगतचे किंवा दिसायला चांगले तेवढेच घड न निवडता बागेच्या सर्व भागांतून घड घ्यावेत, ते स्वच्छ पिशवीत ठेवून मोहोरबंद करावेत, चिठ्ठी लावावी आणि विनाविलंब थंड स्थितीत प्रयोगशाळेकडे पाठवावेत. अखेर यंत्रापुढे जातो तो एका बागेच्या शेकडो घडांचा १० ग्रॅमांचा प्रतिनिधी. तो प्रतिनिधी खरा निवडण्याचे काम कोणतेही यंत्र करीत नाही. ते माणसानेच करावयाचे असते.