सीडीची खरी नाजूक बाजू
स्क्रीन प्रिंटिंगची ओळख : लेखांक ९

कागद आणि कापड झालं. आज सीडी. आता सीडी कोण छापून घेतं, असं विचारणारे भेटतील. पण मैफल संपल्यावर दाराशी टेबल मांडून आपल्या गाण्याच्या सीडी विकणारे कलाकार अजून आहेत. दोनशे नगांचं असं काम ऑफसेटला परवडत नाही, ते फिरून स्क्रीनवाल्याकडेच येतं.

शाई निवडण्याआधी चकतीची घडण पाहू. सीडीची जाडी १.२ मिलिमीटर, आणि ती जवळजवळ सगळी पॉलिकार्बोनेटची. लेसर खालून ही जाडी ओलांडून वर पोचतो, कारण माहिती असते पार वर, लेबलच्या बाजूला. कोऱ्या सीडीत तिथे रंगद्रव्याचा थर असतो, त्यावर धातूचा अतिशय पातळ आरसा आणि त्यावर फक्त काही मायक्रॉन जाडीचं लॅकर. स्क्वीजी फिरते ती या लॅकरवर. आपण चकचकीत बाजू जिवापाड जपतो आणि सीडी लेबलच्या अंगावर पालथी टाकतो, हे उफराटंच आहे. खालचा ओरखडा पॉलिशने बऱ्याचदा निघतो. वरून धातू खरवडला गेला की तेवढी माहिती कायमची गेली.

लॅकर कमी पडलं तर काय होतं, हे इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या कारखान्याने दाखवून दिलं. फिलिप्स आणि ड्यूपाँ यांच्या भागीदारीतल्या या कारखान्यात १९८८ ते १९९३ या काळात निघालेल्या बऱ्याच सीडी पुढे कडेपासून तांबूस पडत गेल्या आणि खरखरू लागल्या. आरसा चांदीचा होता. वेष्टनाच्या कागदातल्या गंधकाला लॅकर अडवू शकलं नाही. शेजारी ठेवलेला कागद एवढं करतो, तर अंगावर चढवलेली चुकीची शाई काय करील?

म्हणून विद्रावकावर चालणारी शाई इथे नको. पीव्हीसीच्या स्टिकरवर छान बसते म्हणून उरलेला डबा सीडीवर संपवण्याचा मोह होतो, पण त्यातला विद्रावक लॅकर मऊ करतो आणि खाली झिरपू शकतो. सीडीसाठी यूव्हीने वाळणारी, ऑप्टिकल डिस्कसाठी म्हणूनच बनवलेली शाई घ्यावी. तिच्यातून काही उडून जात नाही. दिव्याखाली ती जागच्या जागी घट्ट होते. मात्र घट्ट होताना थोडी आक्रसते, म्हणून कमी आक्रसणारी आणि थोडी लवचीक हवी. पूर्ण चकतीवर जाड थर देऊन दिवा हवा त्यापेक्षा जास्त दिला तर चकतीला बाक येऊ शकतो. डीव्हीडीत धातू दोन पातळ चकत्यांच्या मध्ये असल्याने झिरपण्याची भीती कमी, पण बाक तिला सीडीपेक्षाही कमी चालतो. जाळी सेंटिमीटरला १४० ते १६५ धाग्यांची घेतली की थर आपोआप पातळ राहतो. पांढरी आणि काळी शाई यूव्हीला अडवते, त्यामुळे त्या दोन रंगांना दिवा जास्त लागतो. कच्ची राहिली तर गठ्ठ्यातल्या सीडी एकमेकींना चिकटतात. आणि हातमोजे घाला. ही ओली शाई कातडीला बाधते.

कोरी सीडी घेताना दुकानदार ‘प्रिंटेबल’ म्हणून जी पांढरी देतो ती बहुधा इंकजेटची असते. तिचा वरचा थर पाण्याची शाई शोषायला केलेला असतो, त्यासाठी जादा पैसे का मोजायचे? आपल्याला वर काहीही न छापलेली, गुळगुळीत लॅकरची साधी चंदेरी सीडी पुरते. कंपनीचं नाव छापलेली घेऊ नका, फिक्या रंगाखालून ते डोकावतं. एकदोन नग उजेडाकडे धरून पाहा. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर आरसा विरळ आहे, सगळा गठ्ठा परत करा. मध्याजवळचं उंच कडं वरच्या अंगाला असेल तर डिझाइन त्याच्या बाहेरच ठेवा, नाहीतर जाळी त्यावर घासून फाटते.

चंदेरी चकतीवर पिवळा, गुलाबी असे पारदर्शक रंग मळकट दिसतात. खाली पांढरा हात द्यावा लागतो, म्हणजे एक स्क्रीन वाढली. हा खर्च गिऱ्हाइकाला आधीच सांगा. खरं तर दोन गडद रंगांत आणि उघड्या चांदीत जे काम होतं तेच सीडीवर सर्वांत देखणं दिसतं. चेहऱ्याच्या फोटोचा हट्ट असेल तर तो वेष्टनावर छापा.

सगळा गठ्ठा लावण्याआधी दहा सीडी छापा आणि रात्रभर तशाच ठेवा. दुसऱ्या दिवशी एकीवर ब्लेडने बारीक चौकटी पाडून चिकटपट्टी दाबा आणि झटक्यात ओढा. शाई पट्टीबरोबर आली तर चकती आणि शाईची जोडी जुळलेली नाही. उरलेल्यांवर गाणी भरा आणि मिळेल त्या जुन्यात जुन्या प्लेअरवर शेवटच्या गाण्यापर्यंत ऐका. त्यानंतरच मोठ्या कामाची आगाऊ रक्कम घ्या.