सायलेन्सर जाळणे

टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण सिलिंडरमध्ये शिरण्यापूर्वी क्रँककेसमधून, म्हणजे क्रँकचा दंड ज्या पेटीत फिरतो तिच्यातून, जाते. त्यामुळे तिथे फोर-स्ट्रोक इंजिनाप्रमाणे ऑइलचा साठा ठेवता येत नाही आणि वंगण पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. १९७२ मध्ये बाजारात आलेल्या बजाज चेतकसारख्या स्कूटरींत हे ‘टू-टी ऑइल’ साधारण दोन टक्के, म्हणजे लिटरमागे २० मिलिलिटर, घातले जाई, आणि इंजिन जपायचे म्हणून त्यात सढळ हाताने भर टाकणारे मालकही थोडे नसत. हे तेल आपले काम उरकून इंधनाबरोबर जळते खरे, पण पुरते जळत नाही. त्याचा अर्धवट जळलेला अंश धुराबरोबर निघतो, वाटेत पत्र्याला चिकटतो आणि गॅरेजच्या भाषेत सायलेन्सर ‘कार्बन धरतो’.

या कार्बनचा उपद्रव आवाजापेक्षा ताकदीला अधिक होतो. पिस्टन खाली येताना सिलिंडरच्या भिंतीतील एक्झॉस्ट पोर्ट, म्हणजे जळलेला वायू बाहेर पडण्याचा झरोका, उघडतो, आणि लगोलग आत येणारे ताजे मिश्रणच उरलेल्या धुराला बाहेर ढकलते. हे काम करणारा वेगळा व्हॉल्व्ह या इंजिनात नसतो. पुढची वाट अरुंद झाली की जुना वायू सिलिंडरमध्ये रेंगाळतो, ताज्या मिश्रणाला जागा उरत नाही, आणि सपाटीवर बरी चालणारी स्कूटर कात्रजच्या घाटात डबलसीट चढताना दम टाकते. मालक बहुधा कार्बोरेटरला दोष देतो, तर जाणता मेकॅनिक आधी मागच्या नळीपाशी तळहात धरून झोताचा जोर अजमावतो.

इंजिन उजव्या बाजूला असल्याने स्कूटर पेट्रोलचा कॉक बंद करून डावीकडे आडवी केली जाते आणि गंजलेले बोल्ट रॉकेल सोडून ढिले केले जातात. उतरवलेल्या सायलेन्सरात कार्बन सर्वत्र सारखा नसतो. पोर्टलगतच्या तापलेल्या भागात तो कोरडा, करडा आणि खापरीसारखा टणक असतो. जसजसे मागे जावे आणि पत्रा थंड होत जावा तसतसा तो मऊ व तेलकट होतो, आणि शेवटच्या नळीत तर डांबरासारखा ओला लगदा साचतो. म्हणूनच नुसत्या खरवडण्याने काम भागत नाही.

जाळण्याची कृती स्कूटरपासून दूर, उघड्यावर केली जाते. गॅसची ज्योत सायलेन्सरवर बाहेरून फिरवली की प्रथम तेलकट अंश दाट पांढरा धूर सोडीत पेटतो, आणि पुढे पत्रा मंद लालसर होईपर्यंत तापवला की कोरडा कार्बनही हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून जळू लागतो. काजळीला हवेत आपण होऊन जळण्यासाठी सुमारे ५५० ते ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते, आणि पोलाद अंधुक लाल दिसू लागते तेही याच सुमारास, त्यामुळे तापमापक कधी न वापरलेल्या कारागिराचा डोळा या कामात पुरेसा भरवशाचा ठरतो. ज्योत एकाच जागी फार वेळ राहिली तर मात्र पातळ पत्रा वेडावाकडा होतो. निवल्यावर लाकडी ठोकळ्याने ठोकून सुटलेल्या खपल्या झटकतात, आणि जुन्या क्लच केबलचे टोक उसवून केलेला तारेचा झुबका नळीतून फिरवतात.

काही जण जाळण्याऐवजी सायलेन्सर कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात भिजत घालतात. सोडा तेलकट भाग सोडवतो, शुद्ध कार्बन विरघळवत नाही. शिवाय तो ॲल्युमिनियम खातो, म्हणून सिलिंडरचे हेड त्याच पिंपात बुडवणे म्हणजे हेड गमावणे होय.

पोर्टची सफाई वेगळी करावी लागते. पिस्टन वर आणून त्याच्या अंगाने झरोका झाकून घेतला जातो, जेणेकरून खपल्या सिलिंडरमध्ये पडू नयेत, आणि मऊ ॲल्युमिनियमच्या पिस्टनवर ओरखडा उठू नये म्हणून बोथट लाकडी पट्टीच वापरली जाते. हे सारे बहुधा उघड्या हातांनी चालते, ही मात्र चिंतेची बाब आहे, कारण काजळी आणि त्वचेचा कर्करोग यांचा संबंध पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यविशारदाने धुराडी साफ करणाऱ्या कामगारांच्या संदर्भात १७७५ मध्येच नोंदवला होता.

जोडणीनंतर स्कूटर सुरू केली की उरलासुरला तेलकट अंश जळेपर्यंत धूर अधिकच येतो, तो थोड्या वेळात ओसरतो. पुन्हा लवकर चोक होऊ नये म्हणून सायलेन्सर कापून आतील पडदे काढून टाकणारेही काही कारागीर असत. त्या पडद्यांचा बेताचा अडथळा इंजिनाच्या रचनेत गृहीत धरलेला असतो. तो नाहीसा झाला की सिलिंडरमधले ताजे मिश्रणही धुराच्या मागोमाग बाहेर निसटण्याचा संभव वाढतो, आणि आवाजाच्या जोरावर ताकद वाढल्याचा समज करून घेतलेल्या मालकाला पेट्रोल मात्र पूर्वीपेक्षा जास्त भरावे लागते.