नवा साप, नव्वद दिवसांचं सोवळं

प्लेगच्या काळात व्हेनिसच्या बंदरात जहाजांना ४० दिवस ताटकळत ठेवत. इटालियनमध्ये 'क्वारांता' म्हणजे चाळीस, 'क्वारंटाइन' त्याचंच लेकरू. आजच्या दुब्रोवनिकमध्ये, म्हणजे तेव्हाच्या रागुसात, १३७७ साली ३० दिवसांवरच भागलं होतं. बॉल पायथन जातीच्या नव्या पाळीव अजगराला मात्र एवढ्यावर सुटका नाही. सापांचे जाणकार डॉक्टर ९० दिवस म्हणतात, आणि घरात आधीच बोआ किंवा अजगर असले तर सहा महिनेसुद्धा. प्लेगच्या खलाशाला साप भारी पडला!

बिचाऱ्याला खोकताच येत नाही. आपल्यासारखं श्वासपटल सापाला नसतं आणि बहुतेक जातींत कामाचं फुफ्फुस एकच, उजवं. छातीत साचलेला कफ बाहेर फेकायची सोयच नाही. नाकाशी बुडबुडा आला किंवा साप तोंड उघडं ठेवून श्वास घेऊ लागला, की समजायचं, दुखणं बरंच पुढे गेलंय. त्यामुळे दुकानात ठणठणीत दिसला, हे काही प्रमाणपत्र नव्हे.

पाण्यात बसलाय? लाड करू नका, भांडं बघा. नवा साप तासन्‌तास पाण्याच्या भांड्यात वेटोळं घालून बसला की मालक कौतुकाने फोटो काढतो. कधी कातीचे दिवस जवळ आलेले असतात, कधी उकडत असतं. पण पुष्कळदा त्याच्या अंगावरचे माइट चावत असतात. हा गोचिडाचा नातेवाईक रक्तावर जगतो, असतो जेमतेम मिलिमीटरभर. भांड्याच्या तळाशी मिरपुडीसारखे काळे ठिपके दिसले, तर ती मिरपूड नाही, बुडालेले माइट आहेत. खात्री करायची तर ओला पांढरा टिश्यू घ्या, सापाच्या अंगावरून शेपटीकडे अलगद ओढा आणि उजेडात धरा. एखादा ठिपका चालू लागला की निकाल लागला. त्यांच्या लपायच्या लाडक्या जागा दोन: हनुवटीखालची खाच आणि डोळ्याच्या कडेची फट. सापाला पापणी नाही, त्यामुळे तिथून हाकलणार कोण?

खरी खोडी पुढे आहे. मादी अंडी घालायला सापावरून उतरते आणि पेटीच्या एखाद्या अंधाऱ्या फटीत ६०-८० अंडी घालू शकते. उबेत दोन-तीन आठवड्यांत पुढची पिढी हजर. साप धुऊन-पुसून लख्ख केला तरी पेटी तशीच, म्हणून पंधरवड्याने पुन्हा पहिले पाढे. शिवाय माइट चालत शेजारच्या पेटीत जातात, म्हणून वेगळी पेटी पुरत नाही, वेगळी खोली लागते. आणि त्या खोलीत नारळाचा भुसा, लाकडी ओंडका वगैरे सजावट नको. खाली साधा टिश्यू पेपर, लपायला एक डबा, पाण्याचं भांडं. दिसायला दवाखाना, पण पांढऱ्यावर काळं लगेच दिसतं.

युरोपात यावर एक झकास तोडगा आहे: माइटना खाणारे दुसरे माइट विकत मिळतात. ते सापाला काही करत नाहीत.

आकाशदर्शन नको. बोआ-अजगर मान वर करून छताकडे एकटक बघत बसतात, त्या आजाराचं कोडं १९७०च्या दशकापासून होतं. लॅरी नावाच्या पाळीव बोआच्या मालकिणीने थेट सॅन फ्रान्सिस्कोतले विषाणूतज्ज्ञ जोसेफ डेरिसी यांना साकडं घातलं. त्यांच्या प्रयोगशाळेने २०१२ साली संशयित शोधला: अरेनाव्हायरसच्या कुळातला विषाणू. हे कूळ तोवर फक्त सस्तन प्राण्यांत माहीत होतं, लासा ताप त्याच घराण्यातला. बोआ हा विषाणू घेऊन वर्षानुवर्षं मजेत जगू शकतो, अजगर मात्र झपाट्याने खचतो. म्हणून सहा महिने.

ब्लीचलाही न जुमानणारा. क्रिप्टोस्पोरिडियम सर्पेंटिस. साप खाल्लेला उंदीर काही दिवसांनी ओकतो आणि पोटाच्या मध्यभागी गाठ दिसते. खात्रीचा इलाज नाही. विष्ठेची एक तपासणी स्वच्छ आली म्हणून पेढे वाटू नयेत, कारण हा जंतू रोज बाहेर पडत नाही. नेहमीच्या ब्लीचने मरत नाही, अमोनिया किंवा कडक वाफ लागते. (ब्लीच आणि अमोनिया एकत्र मात्र कधीही ओतू नका, विषारी वायू होतो आणि साप राहतो बाजूला.)

फुफ्फुसात कोळंबीची भावकी. सापांच्या फुफ्फुसात राहणारा एक परजीवी दिसतो जंतासारखा, पण कूळ खेकडा-कोळंबीचं! रायलिएटिएला ओरिएंटॅलिस हा त्यातला आशियाई प्रकार. फ्लोरिडात पाळीव म्हणून आलेले बर्मी अजगर सुटले, सोडले गेले, त्यांच्याबरोबर हाही उतरला आणि आता तिथल्या मूळच्या सापांत सापडतो.

आपल्याकडे हौस असेल तर आधी कायदा. नाग, घोणस, धामण, भारतीय अजगर घरात ठेवणं गुन्हा. बॉल पायथनसारख्या परदेशी पाहुण्याची 'परिवेश' पोर्टलवर नोंद करावी लागते.

रोजची शिस्त आजीच्या स्वयंपाकघरातली: सोवळ्यातले आधी. जुन्या सापांचं खाणं-पाणी-साफसफाई उरकायची, नव्याचं सगळ्यात शेवटी. त्याचा चिमटा वेगळा, भांडं वेगळं. मग साबणाने हात, कारण ठणठणीत सापाच्या अंगावरही साल्मोनेला असू शकतो. आणि मोजणी अशी की ८९व्या दिवशी एक जरी माइट दिसला, तर पुन्हा दिवस पहिला. ८९व्या दिवशी मोह होऊन दुसरा नवा साप त्याच खोलीत आणून ठेवला, तर दोघांचाही पहिला.