मोटारीची नवी चाके : निवड आणि जुळणी

बैलगाडीचे चाक मोडले म्हणजे सुतार तुंबा, आरे आणि आस पाहून दुसरे चाक बसवून देत असे. गाडीची चाल बैलांची, तेव्हा बोटभर इकडेतिकडे झाले तरी फारसे बिघडत नसे. मोटारीचे तसे नाही. ताशी शंभर किलोमीटर वेगाने धावणारी मोटार ज्या चार ठिकाणी रस्त्याला टेकते, ती प्रत्येक जागा तळहाताहून फार मोठी नसते; आणि आतील माणसांचा जीव त्या चार तळहातांवर सोपविलेला असतो. असे असूनही आज मोठ्या शहरांत कित्येक तरुण केवळ चित्र पाहून चाके विकत घेतात. चाक सुंदर दिसावे ही इच्छा वाईट नाही. परंतु त्यामागे थोडे अंकगणित आहे, आणि ते आठवीनववीच्या विद्यार्थ्याला सहज येण्यासारखे आहे.

उदाहरणासाठी एकच मोटार डोळ्यांपुढे ठेवू. बी.एम.डब्ल्यू. या जर्मन कंपनीची 'थ्री सीरिज' ही चार दारांची, पण धावण्यात चपळ अशी गाडी प्रसिद्ध आहे. तिची ई ९० ही पिढी २००५ साली आली, आणि २००७ पासून चेन्नईजवळच्या कारखान्यात तिची जुळणी होऊ लागली. त्यामुळे जुन्या गाड्यांच्या बाजारात ती आपल्याकडेही आढळते.

या गाडीचे चाक पाच बोल्टांनी तुंब्याला जखडलेले असते. त्या पाच बोल्टांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास १२० मि.मी. आहे. चाकाच्या मध्यभागीचे भोक ७२.६ मि.मी. व्यासाचे असून ते तुंब्याच्या कड्यावर नेमके बसते. ही दोन मापे प्रथम जुळली पाहिजेत. याच कुळातील २०१९ नंतरच्या जी २० गाडीचे बोल्टवर्तुळ ११२ मि.मी. आहे. म्हणजे नाव तेच, घराणे तेच, परंतु धाकट्याचे चाक थोरल्याला लागत नाही. याहून फसवी गोष्ट जुन्या 'फाइव्ह सीरिज' ई ३९ गाडीची. तिचे बोल्टवर्तुळ १२० मि.मी.च आहे, म्हणून चाक बसते. पण मधले भोक ७४.१ मि.मी.चे. दीड मिलिमीटरची फट राहते, चाक नेमके मध्यावर येत नाही, आणि वेग वाढला की स्टिअरिंग थरथरू लागते. योग्य मापाचे कडे घालून ही फट भरता येते. मात्र त्या चाकात आणखी एक फरक दडलेला असतो, तो आता पाहू.

चाकाच्या रुंदीचा मध्य आणि तुंब्याला टेकणारा चाकाचा पृष्ठभाग यांत जे अंतर असते, त्याला कारागीर 'ऑफसेट' म्हणतात. चाकावर ते 'ई टी' या अक्षरांपुढे मिलिमीटरमध्ये कोरलेले असते. ई ९० च्या १७ इंची मूळ चाकाची रुंदी ८ इंच आणि ऑफसेट ३४ आहे. ई ३९ च्या बऱ्याच चाकांचा ऑफसेट २० असतो. म्हणजे त्याच रुंदीचे ते चाक १४ मि.मी. बाहेर येणार.

रुंदीही बदलली तर काय होते? समजा, कोणी साडेआठ इंच रुंदीचे, १५ ऑफसेटचे चाक आणले. मूळ चाकाची अर्धी रुंदी १०१.६ मि.मी.; तीतून ३४ वजा केले की बाहेरची कड तुंब्यापासून ६७.६ मि.मी.वर येते. नव्या चाकाची अर्धी रुंदी १०७.९५, तीतून १५ गेले, राहिले ९२.९५. चाक बाहेर सरकले २५ मि.मी.हून अधिक! आता गाडीत पाच माणसे बसली आणि खड्डा आला की टायर मडगार्डच्या कडेवर घासणार. शिवाय तुंब्यातील बेअरिंगवर तरफेचा भार वाढणार, आणि खड्ड्याचा हिसका स्टिअरिंगमध्ये हाताला अधिक जाणवणार. उलट तेच चाक ४५ ऑफसेटचे घेतले, तर आतली कड मूळ चाकापेक्षा १७ मि.मी.ने आत जाऊन पुढच्या शॉक-अॅब्सॉर्बरच्या नळकांड्याला भिडण्याची भीती. चाक घेण्यापूर्वी वहीत ही वजाबाकी करण्यास दोन मिनिटे पुरतात. ती न करता हजारो रुपये मोजणारे लोक पाहिले म्हणजे नवल वाटते.

आता टायर. २०५/५५ आर १६ या खुणेचा अर्थ असा : रुंदी २०५ मि.मी., बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेकडा ५५, आणि आतील चाक १६ इंचांचे. भिंत झाली ११२.७५ मि.मी.; दोन भिंती आणि १६ इंच मिळून पूर्ण व्यास सुमारे ६३२ मि.मी. कंपनीने याच गाडीला २२५/४५ आर १७ टायर दिले, त्यांचा व्यास ६३४. आणि २२५/४० आर १८ दिले, त्यांचा ६३७. चाक दोन इंचांनी वाढले, पण बाहेरचा व्यास पाच मिलिमीटरच वाढला. यातच खुबी आहे. व्यास जवळजवळ तोच राहिला म्हणून वेगदर्शक खोटे बोलत नाही आणि गिअरांचा हिशेब बिघडत नाही. कोणी चुकून २२५/४५ आर १८ बसविले, तर व्यास ६६० मि.मी. होतो आणि काटा खऱ्या वेगापेक्षा शेकडा चारांनी मागे राहतो.

परंतु वाढलेल्या चाकाची किंमत कोणी तरी मोजतेच. ती मोजते टायरची भिंत. ११३ मि.मी.ची भिंत १८ इंची चाकात ९० मि.मी. होते. रबर आणि हवा यांची ही गादी पातळ झाली की वळणावर गाडी तत्पर वळते खरी. पण बेळगावाहून गोव्याकडे चोर्ला घाटाने पावसाळ्यात उतरणाऱ्याला खड्ड्याची धारदार कड कशी असते हे सांगावयास नको. अशा कडेवर पातळ भिंत चाकाच्या ओठापर्यंत चेपली जाते, आतील दोरे तुटतात आणि टायरच्या बाजूला फुगवटा येतो. असा टायर पुढे केव्हा फुटेल याचा नेम नाही. आमच्या मते आपल्याकडील रस्त्यांसाठी या गाडीला १७ इंच पुष्कळ झाले, आणि १६ इंचात कमीपणा मुळीच नाही.

ई ९० पुष्कळदा 'रन-फ्लॅट' टायरांसह विकली गेली. हवा गेली तरी काही अंतर चालावे म्हणून त्यांची भिंत जाड व ताठ केलेली असते, आणि म्हणून अशा गाडीत जादा चाक ठेवलेले नसते. ताठ भिंतीला कंटाळून लोक साधे टायर बसवितात. गाडी मऊ चालू लागते, यात शंका नाही. मात्र रात्री घाटात टायर बसला तर डिकीत चाक नाही, ही गोष्ट तेव्हाच ध्यानात येते! साधे टायर घेणाऱ्याने जादा चाकाची किंवा पंक्चर-साहित्याची सोय आधी करावी. टायरवरील भारांकही पाहावा. ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो, ८८ म्हणजे ५६० किलो. गाडीच्या पुस्तिकेत जो अंक सांगितला असेल त्याच्या खाली जाऊ नये.

चाक कशाचे व कसे केले आहे, हा प्रश्न बेळगावच्या मुलांना परका नाही. उद्यमबागेतील ओतकामाचे कारखाने अनेकांनी पाहिले असतील. बाजारातील बहुतेक चाके अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची ओतीव असतात. ओतकामात बुडबुडा राहिला तर तेथून तडा जाण्याचा संभव असतो. प्रचंड दाबाखाली घडविलेले चाक तेवढ्याच बळकटीला हलके होते, पण महाग पडते. जपानी चाकांवर 'जे डब्ल्यू एल' ही परीक्षेची खूण, तर जर्मनीत मान्यता मिळालेल्या चाकांवर 'के बी ए' क्रमांक असतो. सुंदर पण बेनावाचे, बिनखुणेचे चाक कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

राहिला प्रश्न स्प्रिंगांचा, आणि माझ्या दृष्टीने हाच सर्वांत मौजेचा. गाडीच्या भाराने स्प्रिंग जितकी दबते, तितक्या लांबीचा लंबक टांगा. तो लंबक ज्या गतीने झोके घेतो, त्याच गतीने गाडीही डुलते. दोहोंचे सूत्र एकच आहे. २५ सें.मी. दबणारी स्प्रिंग सेकंदाला एक हेलकावा देते, ११ सें.मी. दबणारी दीड. सावकाश चालणाऱ्या माणसाच्या लयीजवळचा हेलकावा शरीराला सुखाचा वाटतो. लय वाढत गेली की गाडी वळणावर अधिक सावध होते आणि पाठ अधिक दुखते.

तरुणांना गाडी जमिनीला टेकलेली आवडते. समजा, चाकाला वर सरकण्यास ८० मि.मी. जागा होती आणि छोट्या स्प्रिंगा घालून गाडी ३० मि.मी. खाली आणली. उरली ५० मि.मी. एखाद्या खड्ड्याचा जो धक्का पूर्वी ८० मि.मी.त जिरत होता, तो आता ५० मि.मी.त जिरला पाहिजे. स्प्रिंगेत साठणारी ऊर्जा दबण्याच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून स्प्रिंग ८०/५० च्या वर्गाइतकी, म्हणजे अडीच पटींहून अधिक ताठ हवी, आणि डुलण्याची लय १.६ पट होणार. ताठ केली नाही, तर रबरी ठोकळ्यावर धक्का आदळणार. मागच्या आसनावरील आजीला दोन्ही प्रकार सारखेच नकोसे. आणखी असे की, या गाडीच्या पुढच्या बाजूला जी उभी नळकांड्यांची रचना आहे, तीत गाडी फार उतरविली तर वळणावर कलण्याचा तिचा कल उलट वाढू शकतो. स्पर्धेच्या पटांगणावर हे सर्व सांभाळणारे तज्ज्ञ असतात. गल्लीतील गाडीला पंधरावीस मिलिमीटरपलीकडे जाण्याचे कारण मला दिसत नाही. स्प्रिंगा बदलल्या तर शॉक-अॅब्सॉर्बरही त्यांना साजेसे हवेत, नाही तर ताठ स्प्रिंग गाडीला चेंडूसारखी उसळविते. मग चाकांचे अलाइनमेंट पुन्हा करून घ्यावे. तसे न केल्यास टायर आतल्या कडेने झिजतो आणि वरून पाहणाऱ्याला ते दिसतही नाही.

कायद्याचा भागही आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ ने कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे फेरफार करण्यास मनाई केली आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. म्हणून कंपनीने त्या गाडीला मान्य केलेल्या मापांतच निवड करावी, आणि बदल विमा कंपनीला लेखी कळवावा.

चाके बसविताना बोल्ट एकाआड एक, ताऱ्याच्या आकृतीप्रमाणे आवळावेत. ई ९० साठी १२० न्यूटन-मीटर इतका पीळ सांगितला आहे. म्हणजे अर्ध्या मीटरच्या पान्याच्या टोकाला सुमारे साडेचोवीस किलोचा जोर. पायाने पान्यावर उभे राहणाऱ्या कारागिराला तो पुष्कळच अधिक होतो, म्हणून मोजणारा पाना वापरण्याचा आग्रह धरावा आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पाचही बोल्ट पुन्हा एकदा तपासावेत.