जुन्या पत्त्यांची जबाबदारी

हिंसक व्हिडिओ गेम्सच्या विक्रीवर कॅलिफोर्नियाने घातलेल्या निर्बंधांवर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली निकाल दिला. न्यायमूर्ती सॅम्युअल अलिटो यांनी आपल्या मतपत्रात एका वेबसाइटचा पत्ता दिला होता. पुढे त्या पत्त्याची नोंदणी संपली, कुणी तिऱ्हाइताने तो विकत घेतला आणि तिथे न्यायमूर्तींचाच उल्लेख करणारा एक मजकूर लावला. इंटरनेटवरच्या मजकुराचा भरवसा किती धरायचा, असा त्याचा रोख होता. जोनाथन झिट्रेन, केंड्रा अल्बर्ट आणि लॉरेन्स लेसिग यांनी नंतर त्या न्यायालयाच्या निकालांतल्या लिंक तपासल्या, तेव्हा जवळजवळ निम्म्या लिंकवर मूळ आधाराचा मजकूर सापडला नाही.

ही गोष्ट न्यायालयापुरती नाही. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. मात्र पान उघडत नाही म्हणजे मजकूर नष्टच झाला, असं नसतं. पुष्कळदा तो त्याच वेबसाइटवर सुखरूप असतो, फक्त त्याचा पत्ता बदललेला असतो. संस्था वेबसाइट नव्याने बांधून घेते, नवं सॉफ्टवेअर येतं, विभागांची नावं बदलतात आणि त्याबरोबर प्रत्येक पानाचा पत्ताही. उद्घाटनाच्या दिवशी सगळं झकास दिसतं, कारण पाहणारे मुखपृष्ठावरून आत शिरतात. बाहेरून येणारा माणूस तसा येत नाही. तो गुगलवरून येतो, कुणाच्या लेखातल्या लिंकवरून येतो, चार वर्षांपूर्वी छापलेल्या पत्रकावरचा क्यूआर कोड स्कॅन करून येतो. त्याला दिसतो ४०४ हा आकडा.

हा आकडा म्हणजे सर्व्हरचं उत्तर. ब्राउझर पान मागतो तेव्हा सर्व्हर आधी तीन आकडी संकेत पाठवतो. २०० म्हणजे पान हजर, ४०४ म्हणजे सापडलं नाही. आपल्या विषयाला सगळ्यांत मोलाचा आकडा ३०१ : पान कायमचं हललं आहे, नवा पत्ता हा घ्या. दुकान हलवताना जुन्या शटरवर नव्या जागेची पाटी लावतात, तसंच हे. फरक इतकाच की ब्राउझर ती पाटी वाचून वाचकाला क्षणात नव्या जागी नेतो आणि वाचकाला बहुतेक वेळा पत्ताही लागत नाही. ३०२ हा संकेत तात्पुरत्या बदलासाठी असतो. कायमच्या स्थलांतराला तो वापरला, तर सर्च इंजिनं जुनाच पत्ता धरून बसू शकतात.

वेबसाइटच्या आतल्या लिंक मालकाच्या हातात असतात. स्क्रीमिंग फ्रॉगसारखं साधन सगळी पानं फिरून तुटलेल्या लिंकची यादी देतं आणि त्या दुरुस्त करता येतात. वर्डप्रेस या वेबसाइट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमध्ये मात्र जुने पत्ते थेट शोधून बदलण्याचा मोह टाळावा. त्यातली काही माहिती अक्षरांच्या मोजणीसह साठवलेली असते. पत्ता लांब किंवा आखूड झाला की मोजणी चुकते आणि ती माहिती वाचता येईनाशी होते. या कामासाठी मोजणी सांभाळणारी वेगळी साधनं आहेत.

खरा प्रश्न बाहेरच्या लिंकचा. त्या इतरांच्या लेखांत, पुस्तकांत, व्हॉट्सअॅपवरच्या जुन्या निरोपांत असतात. तिथे जाऊन दुरुस्ती करणं कुणालाच शक्य नाही. वाचकाला नव्या जागी वळवण्याची सोय जुन्या पत्त्याच्या मालकालाच करता येते, म्हणून जबाबदारीही त्याचीच. त्यासाठी स्थलांतराच्या आधी एक तक्ता करावा लागतो : एका रकान्यात जुना पत्ता, शेजारी नवा. त्यावरूनच सर्व्हरवर ३०१ लावायचे असतात. जुने पत्ते साइटमॅपमध्ये, सर्व्हरच्या नोंदींत आणि गुगल सर्च कन्सोलमध्ये मिळतात. तेही हरवले असतील, तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये शोधावे.

हा तक्ता कंटाळवाणा असतो, म्हणून अनेक जण सगळे जुने पत्ते सरसकट मुखपृष्ठाकडे वळवतात. हे वाचकावर अन्याय करणारं आहे. २०१६ चं एखादं परिपत्रक शोधणाऱ्याला मुखपृष्ठ देऊन काय उपयोग? गुगलही अशा वळवण्याला पान नसल्यासारखंच मानतं. दुसरी चूक साखळीची. पहिल्या पत्त्यावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर, अशी प्रत्येक स्थलांतराची भर पडत जाते. पानं वाचत फिरणारा गुगलचा बॉट दहा टप्प्यांपर्यंत पाठपुरावा करतो, पण प्रत्येक टप्प्याला वेळ जातो. सर्वांत जुना पत्ता थेट शेवटच्या जागेला जोडणं हेच बरं.

मराठी वेबसाइटवाल्यांची यात एक वेगळी अडचण आहे. वर्डप्रेस शीर्षकावरून पत्ता तयार करतं, पण त्या भागाला २०० चिन्हांची मर्यादा आहे. साठवताना देवनागरीतलं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा नऊ चिन्हं व्यापते. त्यामुळे साधारण बावीस अक्षर-मात्रांनंतर शीर्षक मध्येच तुटतं. ती लिंक कॉपी केली की टक्केचिन्हांची न वाचता येणारी रांग हाती येते. मग कंटाळून कुणी सगळे पत्ते रोमन लिपीत करतो. एकेका लेखाचा पत्ता बदलला, तर वर्डप्रेस जुना लक्षात ठेवतं. पण त्याच वेळी सॉफ्टवेअर किंवा डोमेनही बदललं, तर ही आठवण सोबत येत नाही.

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच पत्ते न बदलण्याविषयी लेख लिहिला होता. पत्त्यात लेखकाचं नाव, विषयवारी किंवा फाइलचा प्रकार घालू नका, कारण हे सगळं बदलतं. पान तयार झाल्याची तारीख मात्र चालेल, असा त्यांचा सल्ला. तो लेख आजही मूळ पत्त्यावर वाचता येतो.

वळवलेले पत्ते किमान वर्षभर, शक्यतो त्याहून जास्त काळ ठेवावेत, असं गुगल सांगतं. छापील पुस्तकात गेलेल्या पत्त्याला वर्षाची मुदत लावणं अपुरं आहे. जुन्या डोमेनचं नूतनीकरणही चालू ठेवायला हवं, नाहीतर अलिटो यांनी दिलेल्या पत्त्यासारखं तेही परक्याच्या हाती जातं. स्थलांतरानंतरचे काही आठवडे सर्व्हरवरच्या ४०४ च्या नोंदी रोज पाहाव्यात. जो पत्ता पुन्हा पुन्हा मागितला जातो, तो तक्त्यात आधी घालावा. आणि एखादं पान खरोखरच काढून टाकलं असेल, तर तिथे ४१० हा संकेत द्यावा. पान मुद्दाम काढलं आहे, हे त्यातून मागणाऱ्याला स्पष्ट कळतं.